बाहेरची कडी

घरून,
१७ मार्च

प्रिय गोपाल,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. किती खुशाल आहोत ते पुढे कळेलच. वहिनींना नमस्कार सांग आणि पिल्लूचा पापा घे. ती आता 'आत्या' म्हणते, असं तू म्हणालास. फोनवर मला तरी ते 'आच्या' ऐकू आलं.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस. मी 'अरे ऐक' म्हणते तोवर तुझं 'ताई, तू टेन्शन घेऊ नकोस' सुरू होतं आणि मग तू फोन बाबांकडे द्यायला सांगतोस. बाबांशी बोलून तू परस्पर ठरवून टाकलंस की रविवारी येणार आणि मला पुण्याला घेऊन जाणार. तिथे दिवसभर सांभाळायला एक बाई बघितलीस, ती नाही जमली तर एक संस्थाही बघून ठेवलीस. सामान भरायला सांगितलंस, ते आईकडून. माझं सामान, आणि निरोप आईकडे!

कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

आगीचं तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलंय. सलग सांगते. दर वाढायची वाट बघत यंदाही कापूस बैठकीच्या खोलीतच भरला होता, छताला टेकेपर्यंत. तू लहानपणी त्याच्यावर उड्या मारायचास आणि रात्रभर अंग खाजवत बसायचास. या वर्षी लाइटच्या बोर्डाच्या भिंतीलाही कापूस लावला. मी बाबांना म्हटलं होतं, बोर्ड तरी मोकळा ठेवा. ते म्हणाले, "आजपोतर काही झालं का?" आपल्याकडे दर वर्षी हेच विचारून कापूस भरतात, आणि गावात एकही घर वेगळं वागत नाही.

त्या दिवशी दुपारी आई-बाबा कांद्याच्या शेतात होते. पुढच्या दाराला कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात. मी माझ्या खोलीत ब्लाउज शिवत होते. आधी वास आला. मला वाटलं, मशीनची मोटर तापली. मग स्वयंपाकघराच्या दारातून धूर येताना दिसला. कापूस धाडकन पेटत नाही रे, आत-आत धुमसतो आणि घर धुराने भरून टाकतो. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

पण मी बसून रडले नाही, हे तू नीट वाच. पायातलं बळ बारावीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले तेव्हाच गेलं, डोकं जागेवर आहे. स्वयंपाकघराकडचं दार लावलं. मेन स्विच बैठकीत, तो बंद करणं शक्यच नव्हतं. शिवायला आलेली कापडं बादलीत बुचकळली आणि दाराच्या फटीत कोंबली. त्यात बेबीताईचा पैठणीच्या काठाचा नवा ब्लाउजपीस होता. ती अंगणवाडीतून येता-जाता अजून त्याची आठवण काढते आणि मग स्वतःच हसते.

त्यानंतर एकशे बाराला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, आवाजावरून लहानच वाटली. पत्ता घेतला, आग कुठे विचारलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी घराबाहेर पडा." मी म्हटलं, "ताई, मी चालू शकत नाही, व्हीलचेअरवर असते." ती म्हणाली, "तुमच्याजवळ कोण आहे?" "कोणी नाही." तिने गाडी पाठवली, मला धीरही दिला, तिला मी नाव ठेवणार नाही. पण बाहेर पड म्हटल्यावर ज्याला पडता येत नाही त्याला पुढे काय सांगायचं, हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

फोन ठेवून मी शेजारच्या विमलकाकूंना फोन केला आणि त्या येईपर्यंत माझ्या खोलीतल्या मागच्या दाराशी गेले. मागे बाबांनी खुर्चीसाठी केलेला सिमेंटचा उतार आहेच. दार उघडलं की मी बाहेर, इतकं सोपं. बाबांनी तुला सांगितलं की दार जाम झालं होतं आणि छायाला ते उघडता आलं नाही. त्याच्यावरून तू म्हणालास, "जिला साधं दार उघडता येत नाही, तिला एकटीला कशी ठेवायची?" मी शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता.

दाराचं नंतर लिहिते. आधी बाकीचं.

विमलकाकू धावत आल्या. त्यांच्यामागे रस्त्यावरची दोन माणसं आली. मी ओरडून सांगत होते, "मला उचलू नका, खुर्ची ढकला, उतार आहे!" माझं कोण ऐकतो? एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने कमरेला धरलं, आणि खुर्ची धुरात राहिली. माझे पाय उतारावरून घासत गेले. मला पायात काही जाणवत नाही, आणि त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी आईला साडी रक्ताने भिजलेली दिसली, तेव्हा टाचेची जखम समजली. आता भरत आलीय, काळजी करू नकोस. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. पण जीव वाचवणाऱ्याने ज्याचा जीव आहे त्याला एक शब्द विचारला, तर काही बिघडत नाही ना?

गाडी आली, त्यांनी कापूस ओढून-ओढून बाहेर काढला. तरी दुसऱ्या दिवशीही ढिगातून धूर निघत होता. बैठक काळी झाली, माझी खोली वाचली. रामरावकाकांना ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. आपल्या भिंतीला भिंत त्यांची, आणि सगळं गाव ओरडत असताना ते खाटेवर पेपर वाचत होते. धूर खिडकीतून आत गेला तेव्हा उठले. त्यांचं ऐकून मला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटली.

म्हणून मी एक उद्योग केला. आगीच्या गाडीवरच्या साहेबांना फोन करून म्हटलं, आग नसताना एकदा या. बेबीताईने शाळेचं मैदान मिळवलं. ते आले आणि माणसाला कसं उचलायचं ते दाखवायला लागले. त्यासाठी त्यांनी एक धडधाकट जवान झोपवला होता. मी म्हटलं, "साहेब, त्याला कशाला? मी आहे की." मग मीच नमुना झाले! कंबर कुठे धरायची, पाय कसे सांभाळायचे, खुर्ची का मागे ठेवायची नाही, सगळं मी सांगत गेले आणि ते करत गेले. एकदा तर त्यांनी मला इतकं अलगद उचललं की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी लाजले, या वयात.

साहेबांनी धूर आला की वाजणारं एक छोटं यंत्र दाखवलं. रामरावकाकांनी ते हातात घेतलं, कानाला लावलं आणि आमच्याकडे बघून हसले. सगळे ओशाळले. साहेबांनी शोधून सांगितलं की दिवा लागणारं आणि उशीखाली हलणारंही मिळतं. ते मागवलंय. बाबांनी बोर्डाच्या भिंतीपासून हातभर जागा सोडून खडूची रेघ मारलीय, पुढच्या वर्षी कापूस तिच्या अलीकडे. मेन स्विच खाली घेतला, माझ्या खोलीत, माझ्या हाताला येईल असा.

आता तुझं घर. मागच्या उन्हाळ्यात आले होते, तेव्हा तुम्ही दोघांनी माझं काही कमी केलं नाहीत. पण तिसरा मजला आहे, गोपाल. लिफ्टशेजारी पाटी आहे : आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये. मी ती रोज वाचायचे. मग मी काय वापरू? तू ऑफिसात, वहिनी ऑफिसात, आणि मी त्या पाटीसमोर. इथे निदान उतार आहे, विमलकाकू आहेत, आणि मला कसं धरायचं हे आता अर्ध्या गावाला येतं. गिऱ्हाइकं माझी इथे आहेत. भांडायला आई इथे आहे.

आता दार.

हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. बाबांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं होतं, "दार जाम झालं होतं, एवढंच बोलाचं. त्याले काऊन सांगाचं बाकीचं?" आईकडे बघून मी हो म्हटलं. पण त्या एका खोट्यापायी माझं घर सुटायची वेळ आली, तेव्हा मी गप्प बसणार नाही.

दार जाम नव्हतं. आतली कडी मी काढली, दार ढकललं, ते बोटभर हललं आणि थांबलं. पुन्हा ढकललं. खुर्ची मागे घेऊन धडक दिली. फटीतून उजेड दिसत होता, बाहेरची हवा लागत होती. मी त्या फटीला तोंड लावून श्वास घेत होते. मग विमलकाकूंचा आवाज आला, "छाये, कडी तं भाईरून लावेल हाये वं! कोनं लावली?"

आईने लावली होती. रोज लावायची. शेतात निघताना मला पाणी भरून द्यायची, फोन जवळ ठेवायची, आणि बाहेरून कडी घालायची. कुत्रं शिरू नये, कोणी भलता माणूस शिरू नये म्हणून. गावात म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना असंच ठेवतात, आणि ते प्रेमानेच करतात. पण आपल्या घरी ही पद्धत नव्हती. ती दिवाळीनंतर सुरू झाली.

आठवलं का?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू परत निघालास, तेव्हा खालच्या आळीतल्या चोरीचं बोलणं निघालं. तू आईला म्हणालास, "ताई एकटी असते आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. बाहेरून कडी लावत जा. कोणी घुसलं तर ती काय करणार?" तू काळजीनेच बोललास, मला ठाऊक आहे. मी आतून ऐकत होते. मला कोणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी मी आईला म्हटलं, "कडी नको लावू, मला कोंडल्यासारखं होतं." ती म्हणाली, "गोपालनं सांगतलं हाये. तो शिकेल-सवरेल हाये, त्याले समजते." मी पुन्हा-पुन्हा सांगितलं. तुझ्या एका वाक्यापुढे माझं रोजचं सांगणं कमी पडलं.

मला तुझा राग आला आहे, गोपाल. फार आला आहे. त्या फटीशी मी तोंड लावलं होतं तेव्हा मला देव आठवला नाही, तू आठवलास. मी तुला मोठ्याने शिव्या दिल्या. लहानपणी तुला येत नव्हत्या त्यासुद्धा.

पण हे पत्र त्यासाठी नाही. माझा राग आठवडाभरात उतरेल, मी स्वतःला ओळखते. आईचं काय करू? ती कांदा सोडून घरी बसली आहे. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर दिवसभर बसते, ऊठ म्हटलं की उठत नाही. जेवते, पण माझं ताट झाल्याशिवाय नाही. बाबांनी बाहेरची कडी उपटून काढली, तर तिच्या जागी ती स्वतः बसली. काल मला म्हणाली, "मी माह्या हातानं पोरीले कोंडलं वं." मी म्हटलं, "तुला सांगणाऱ्याने सांगितलं, तू केलंस." तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "त्याचं नाव घेऊ नको. तो दूर रायते, त्याच्या जिवाले लागन."

कडी लावायला तू सांगितलंस, हे ती कोणालाच सांगणार नाही. बाबांनासुद्धा तिने सांगितलेलं नाही. सगळं एकटीच्या अंगावर घेऊन उंबऱ्यावर बसली आहे, आणि तू तिकडे माझ्यासाठी बाई शोधतोयस.

मी तिला कितीही समजावलं तरी तिला पटत नाही, कारण मी वाचलेली आहे आणि वाचलेल्या माणसाच्या माफीवर आईचा विश्वास बसत नाही. तुझ्या शब्दावर तिने कडी लावली. तुझ्याच शब्दावर ती उठेल.

तेव्हा रविवारी ये. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलास की पहिली बस धर, म्हणजे आई जागेवर सापडेल. तिच्याजवळ खाली बस, खुर्ची मागू नकोस. तिला बाबांसमोर सांग की कडी लावायला तू सांगितलंस आणि चूक तुझी होती. मग तिला घेऊन कांद्यात जा. दिवसभर तिकडेच राहा. मी घरी एकटी राहीन, दार आतून लावून.

परत जाताना तिकीट एकाचंच काढ.

तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच,
ताई