सदूशेठच्या पिंडाला कावळा शिवला नाही

प्रिय सदू,

आत्मा अमर आहे, हे पाठशाळेत आपण दोघांनी एकाच सतरंजीवर बसून घोकलं. आज बाणगंगेवर तुझ्या दहाव्याला ते मला प्रथमच गैरसोयीचं वाटलं. कावळा पिंडाला शिवेना! गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, आणि ती पुरवण्याचा शब्द कोणीतरी द्यावा लागतो. तुझी कोणती राहिली, ते घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसलो.

तुझ्या मुलानं, केशवनं आधी हात जोडले. "दादा, परळचे गाळे पुरे करतो." कावळा ढिम्म. "भायखळ्याची वखार विकत नाही." कावळ्यानं पंख खाजवला. मग पोरगा माझ्याकडे वळला. "काका, गोदूआत्याचं घर मंडईला देतो म्हणा ना!"

माझ्या विधवा बहिणीचं गिरगावातलं घर! सदू, पाठशाळेत असताना तुझा मंगळवार तिथेच होता ना रे? वारानं जेवायला यायचास, आणि "वाढीचं पोर आहे" म्हणत ती तुला आग्रहानं वाढायची. पुढे तू व्याकरण सोडून चुन्याच्या भट्टीवर गेलास, खाजणांत भराव घालून गाळे उठवलेस, शेठ झालास. मला आनंदच होता. पण नव्या मंडईचा दरवाजा नेमका तिच्या स्वयंपाकघरातूनच काढायचा होता?

ती विकेना, तेव्हा तिच्या भिंतीला लागून असलेला गाळा तू सुक्या बोंबलांसाठी दिलास, तोही फुकट. सोवळ्यातली बाई वासानं पळेल! काय ही बुद्धी! पण तिथे बसणाऱ्या वरळीच्या जानकी कोळणीनं गोदूला रडताना पाहिलं आणि खिडकीतून ओरडली, "बाय, घर सोरू नको गो! मीच हलवतंय टोपल्या." हलवल्याही. थेट तुझ्या पेढीच्या पायरीशी.

ऊन चढलं. केशव रडकुंडीला आला. "नुसतं तोंडानं म्हणा हो, काका. इथे कुठे कोर्ट आहे?"

"म्हणूनच म्हणत नाही, बाळ. कोर्टातला शब्द फिरवता येतो. पिंडापुढचा नाही."

तुझा कारभारी पुटपुटला, "शास्त्रीबुवा, मेलेल्याशी कसलं वैर?" दुसऱ्या कोणाशी करू? जिवंतपणी तू मला दाराशी उभं केलं नाहीस.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. जन्मभर साक्षीदार विकत आणलेस, शेवटचाही तसलाच मिळाला!

परतताना गोदूकडे गेलो. "शिवला का रे?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं उद्याचे तांदूळ निवडायला घेतले. मग म्हणाली, "उद्या त्याच्या नावानं दोन घास बाहेर ठेवते. भुकेला फार कच्चा होता." ती तशीच आहे. मी नाही.

तेव्हा हा माझा शब्द घे. गोदूचं घर उभं राहील, आणि तुझी मंडई त्याला वळसा घालून जाईल. दर वर्षी तुझ्या श्राद्धाला ब्राह्मण म्हणून मीच पाटावर बसेन, पोटभर जेवेन आणि तुला हवी ती 'देतो' ही दोन अक्षरं न उच्चारता उठेन. श्राद्धाच्या पाटावर मित्राला बसवू नये, असं शास्त्र आहे. त्याची काळजी करू नकोस. ती अडचण तू हयातीतच दूर केली आहेस.

तुझा एके काळचा सहाध्यायी,
नारायणशास्त्री