पिवळ्या दिव्याच्या गाडीची निरवानिरव

मी, हरिश्चंद्र गोविंद सामंत, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त हेडक्लार्क, राहणार बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व), कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला आजही चालीसकट येतात, म्हणजे दाखल्याची गरज नव्हती. पण यतीनला कागद लागतो. यापूर्वीचे लेख, गेल्या महिन्याचा कच्चा मसुदा धरून, मी रद्द करतो.

१. राहता फ्लॅट मुलगा यतीन आणि मुलगी संपदा यांना निम्मा निम्मा. बँकेतल्या ठेवींचेही तसेच. स्वयंपाकघरातला ओटा माझी पत्नी गिरिजा हिच्या उंचीला बेतून घेतलेला आहे. विकत घेणाऱ्याने तोडला तर तोडो, तुम्ही तोडू नका.

२. माझ्या कवितांच्या वह्या आणि शाळेची जुनी पुस्तके संपदाला. यतीनने वाईट वाटून घेऊ नये. "बाबा, आता पुरे" असे शेकडो वेळा म्हणून त्याने हा हक्क स्वतःच सोडलेला आहे.

३. पार्किंगमधल्या माझ्या जागेत कुंड्या ठेवणाऱ्यांना मी माफ केलेले नाही. माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने करू नये.

४. आता गाडी. माझी जुनी हायब्रीड मोटार, पहिल्या मालकाने सात वर्षे वापरून दिलेली. सावकाश चालवली की इंजिन बंद ठेवून ती बॅटरीवर जाते, आवाज म्हणून नाही. डोंगरीच्या रस्त्याला त्या शांततेत मी कवितेची पहिली ओळ म्हणायचो आणि गिरिजा खिडकीबाहेर बघत दुसरी म्हणायची. इंजिन सुरू झाले की दोघेही थांबायचो.

या गाडीचा, इंजिनात बिघाड आहे असे सांगणारा पिवळा दिवा लागला तो विझेना. बिघाड वाचणारा स्कॅनर लावला की एकच कोड यायचा, पी-०४५६. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ न देता कोळशाच्या डब्यात धरायची आणि मग इंजिनात जाळायची, अशी गाडीत सोय असते. त्या बंदिस्त वाटेत सुईच्या टोकाएवढी गळती असली तरी हा कोड येतो. कोड पुसला की आठवड्याभरात परत हजर.

चेण्याला गॅरेज असलेला जीवन सीताराम तांबे याने झडप बदलली, नळी बदलली. टाकीच्या तोंडातून धूर सोडून पाहिला, धूर कुठूनही बाहेर येईना. धूर सोडायला झाकण काढावे लागे, त्यामुळे झाकणच तपासातून सुटत होते. हे मला फार उशिरा कळले. जीवनला तेव्हाच कळले होते.

दर वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेला दोरा गिरिजा घरी आणायची आणि पेट्रोलच्या झाकणाच्या गळ्याला सात फेरे घालायची. म्हणायची, तुम्ही हिच्यातूनच फिरता, मग हिलाही आयुष्य नको का?

"काका," जीवन चाचरतच म्हणाला होता, "एकदा काकूंचा दोरा काढून बघूया का?"

"दोऱ्याला हात लावायचा नाही. तू तुझं काम कर."

त्याने नवा कोळशाचा डबा बसवला. आठ दिवसांत दिवा परत लागला. तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, की नवा म्हणून तू जुनाच डबा बसवलास. त्याने हात पुसले, किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी दुसरीकडे दाखवा म्हणाला. दुसरीकडे एसी होता, कॉफी होती, तीन नवे पार्टही बसवले. दिवा होता तसाच.

गिरिजा दीड वर्षापूर्वी गेली. यंदा मार्चमध्ये यतीन म्हणाला, ही आता पासिंगला टिकणार नाही, भंगारात काढू. त्या दिवशी मी पेट्रोलचे झाकण आयुष्यात प्रथम स्वतः उघडले. एरवी पंपावरचा माणूस उघडतो. दोऱ्याचा एक पदर सरकून रबराच्या कडीखाली दबला होता. माझ्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा काढण्याआधी त्याचे फेरे एकेक करून मोजले. मग काढला. तीन महिने झाले, मी आहे. झाकण तीनदा टक् टक् वाजेपर्यंत घट्ट फिरवले, कोड मुद्दाम पुसला नाही. सहाव्या दिवशी दिवा आपण होऊन विझला.

मग मी मसुदा लिहिला, गाडी जीवनला द्यावी असा, आणि चेण्याला गेलो. तिथे दोनच गिऱ्हाइके होती. बोललो होतो तेव्हा चार होती, म्हणून चार होईपर्यंत बाकावर बसलो. मग उभा राहून सांगितले, की डबा नवाच होता, दोष माझ्या घरातल्या दोऱ्याचा होता आणि याने तो मला दाखवला होता. जीवन गाडीखाली होता. बाहेर यायला त्याने वेळ लावला.

मी मसुदा पुढे केला. साक्षीदार म्हणूनही तूच हवास, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकील म्हणतात, तेव्हा एक काय ते निवड, असे सांगितले. त्याने सगळा कागद वाचला.

"काका, गाडी माझी होईल तेव्हा तुम्ही इथे कुठे येणार?" म्हणाला, आणि पेन मागितले.

म्हणून या पक्क्या कागदात तो साक्षीदार, आणि गाडी व स्कॅनर संपदाला. अट एकच: बॉनेट फक्त जीवनच्या गॅरेजमध्ये उघडावे, आणि तो जे काढून बघू म्हणेल ते काढू द्यावे.

५. तो दोरा चौथीच्या पुस्तकात ठेवला आहे. तेवढा माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

६. या सगळ्याची अंमलबजावणी यतीनने करावी. तो काटेकोर आहे. कंटाळा माझ्या कवितांचा होता, माझा नव्हता, हे मला माहीत आहे.

वर लिहिलेले मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

स्थळ: मीरा रोड
दिनांक: २२ जून २०२५

(सही) हरिश्चंद्र गोविंद सामंत

साक्षीदार:
१. (सही) डॉ. रसिका कुडाळकर, बेव्हर्ली पार्क
२. (सही) जीवन सीताराम तांबे, चेणे

टीप: दुसरे साक्षीदार थेट कामावरून आले होते. त्यांच्या नावाशेजारी ग्रीसचा अंगठा उमटला आहे. तो सहीचाच भाग समजावा, खाडाखोड समजू नये. ह. गो. सा.