दोन्ही बाजूंची साक्ष

६ नोव्हें., गुरु.
परवा इथे लिहिलं की लग्नाआधी पपांनी ताईला समजावलं. चूक. पपांनी तिचा मोबाइल काढून घेतला, आठ दिवस तिच्याशी अबोला धरला, नवव्या दिवशी ती हो म्हणाली. याला समजावणं म्हणत नाहीत.
ताईच्या लग्नाबद्दल चर्चच्या कोर्टाला दिलेल्या साक्षीतही ‘समजावलं’ हाच शब्द आहे. खाली माझी सही.

७ नोव्हें., शुक्र.
दम्यामुळे चौथीपर्यंत घरीच शिकले, पपांकडे. कंपनीतून आले की अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये पाटी काढायची. ‘निःपक्ष म्हणजे दोघांनाही सारखं.’ ताईचं नि माझं भांडण झालं की दोघींना एकेक धपाटा. सुरुवात कोणी केली, हे कधी विचारलं नाही.
तशीच साक्ष लिहिलीय. जीजू दारू पीत नाहीत. ताई तापट आहे. पपांनी समजावलं. सगळ्यांना थोडं थोडं.

९ नोव्हें., रवि.
शिरगावला ताईकडे. उल्हासनगरहून आणलेल्या ब्लाउजना हुक लावत बसलेली. सगळं सांगितलं, दोन्ही बाजूंना रास्त होईल असंच लिहिलं म्हणाले. मान वर न करता म्हणाली, “तुझं रास्त ते रेशनच्या दुकानात ठेव. तिथेही आधी कार्ड बघतात.”
घटस्फोट झालाय, पण चर्चने पहिलं लग्न रद्द ठरवल्याशिवाय तिला दुसरं चर्चमध्ये करता येत नाही. माणूस ठरलाय. दोन वर्षं थांबलाय.
मी म्हटलं, पपांना वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं गं.
“मीही म्हणूनच हो म्हटलं होतं.”

१२ नोव्हें., बुध.
कोर्टाचं काम बघणाऱ्या फादरांना फोन. निःपक्ष साक्ष कशी असते, विचारलं. “बाळा, कोण चांगलं, कोण वाईट, हे आम्ही विचारलंच नाही. वेदीपुढचा होकार तिचा स्वतःचा होता का, एवढंच.”
प्रश्न पुन्हा वाचला. खरंच तेवढाच आहे. न विचारलेल्याचा न्याय करण्यात दीड पान घालवलं. विचारलेल्याला एक शब्द, तोही खोटा.
फाइल बंद होईपर्यंत दुरुस्ती देता येते. मात्र दुसरी बाजू म्हणून जीजूंना ती वाचायला मिळेल. म्हणजे पपांना कळणारच.

१६ नोव्हें., रवि.
चर्चमधल्या मिस्सानंतर पपांना सांगायचं ठरवलं होतं. पपा चहात खारी बुडवत म्हणाले, “साक्ष छान झाली तुझी. कोणावर अन्याय नाही.”
म्हटलं, थोडी दुरुस्ती आहे.
“शुद्धलेखनाची?”
मी हो म्हणाले. हो का म्हणाले?

१९ नोव्हें., बुध.
‘समजावलं’च्या जागी ‘भाग पाडलं’ लिहिलं. खोडलं. ‘दबाव’ लिहिलं. खोडलं. शेवटी शब्दच नको, जे घडलं ते क्रमाने, चार ओळी. वाचताना पपांचा चेहरा दिसतो. ताईचा दिसत नाही, याचीच लाज वाटते.
पपांना आधी दाखवणं रास्त की नंतर? आधी दाखवलं तर माझ्याने देणं होणार नाही. नंतर दाखवलं तर ते…
ऑफिसात हाफ डे टाकलाय. सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी दहा. स्वतः जाऊन देणार.