ऑपरेशन झालंय का?

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. तुझ्या पोटात कळ उठते, शिगेला जाते, ओसरते, पुन्हा उठते. खाल्लेलं उलटतं, पोट टम्म झालंय, आणि भिंतीला टेकून तू मलाच म्हणतेस, "वारा सरतोय की थोडाथोडा. मग कायचं दुखणं?" शेवटी चुलत्यांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" तू म्हणालीस, "न्हाई." मी तुझ्या कानाशी कुजबुजले, "आई, पिशवी काढलीय ना तुझी?" चुलते शेजारीच बसलेले. तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. "गप बस. इचारलं तेवढंच बोलावं."

गॅसचं इंजेक्शन आणि पोट साफ व्हायचं औषध घेऊन परतताना तू वर मला समजावलंस, "आपरेशन म्हंजी लेकरं बंद करायचं. माझी तर पिशवीच न्हाई. मी खोटं काय बोलले?" खोटं नव्हतंच. आपल्याकडे बाईला ऑपरेशन विचारलं की तोच अर्थ. त्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असायला हवं होतं. साडी जरा सरकवून बघितली असती तरी टाके दिसले असते.

आता मी सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. जुन्या टाक्यांमुळे आत आतडी चिकटतात, एखादं वळण आवळतं. पुरतं आवळत नाही, म्हणून थोडा वारा सरतो आणि माणूस फसतो. तोंडाने काही द्यायचं नसतं, जुलाबाचं तर नाहीच. नाकातून नळी घालून पोट रिकामं करायचं, सलाइन लावायचं, एक्स-रे काढायचा आणि पोटावर पुन्हा पुन्हा हात ठेवून बघत राहायचं. पुष्कळ जणींचं एवढ्यावर सुटतं. नाही सुटलं तर वेळेत पोट उघडायचं. तुझं पुढे मोठ्या दवाखान्यात उघडलं, तेव्हा उशीर झाला होता, आतडं काळं पडलं होतं.

हे पाठवायचं कुठे? तू असतीस तरी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते तुला चाललं नसतं. मी कुणाला ऑपरेशन विचारत नाही. "मावशी, टाके बघू द्या," म्हणते आणि "न्हाईत" म्हणाल्या तरी बघते. मागच्या आठवड्यात आष्टीकडची एक बाई आली, तुझंच दुखणं घेऊन. डॉक्टर रोज विचारायचे, "वारा सरला का?" ती म्हणायची, "अवो, बाईमाणसाला असलं इचारतेत का?" मग एका दुपारी असा सरला, की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "फटाका फुटला का गं?" सगळा वॉर्ड हसला. तिची लेक हसता हसता रडायला लागली. आतडं सुटलंय असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तिच्या नाकातली नळी काढली, घोटभर पाणी दिलं. लेकीने माझे दोन्ही हात धरले. मी ते सोडवून घेतले, काम आहे म्हणाले. काम काही नव्हतं.