तापलेलं इंजिन

बाबा,
ती रोटरी इंजिनची जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला निघालोय. काल तुम्ही ‘पांढरा हत्ती पोसणार का’ म्हणालात आणि मी ताटावरून उठलो, ते चुकलंच. ती पेट्रोलबरोबर तेलही पिते. आतले सील गेलेले निघाले, तर दुरुस्तीच्या खर्चात दुसरी गाडी येईल. म्हणून इंजिन चांगलं तापवून बंद करीन आणि दहा मिनिटांनी परत चालू होतं का बघीन. पण मालक गोडबोल्या आहे, आणि गॅरेजात तीस वर्षं काढलेले कान तुमचे आहेत, माझे नाहीत. बारा वाजता पैसे द्यायचेत. पत्ता मागे लिहिलाय. इंजिनला टेकवून कानाला लावायचा तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर मी नेलेला नाही. पुसून तुमच्या चपलांशेजारी ठेवलाय.