चौथ्या गाण्यातली हाळी

मंगळवार, दिवेलागण

अंबाजोगाईच्या मित्रानं घरीच केलेला अल्बम आज पाठवला. सगळी गाणी उदास, भिंतीकडं तोंड करून गायल्यासारखी. चौथ्या गाण्यात मागं माझ्या वडलांची, आप्पांची हाळी हाय, शेळ्यांना बोलवायची. गेल्या साली त्यानं आमच्या रानात रेकॉर्ड केलती. आप्पा जाऊन चार महिने झाले.

मी ते दावणीपाशी का लावलं, कळत न्हाई. हाळी आली तशी म्हातारी शेळी उठली आन् दाव्याला ओढ देत रस्त्याकडं बघत राहिली. आई चिडली. "बंद कर. मुक्या जनावराला फसवतो व्हय?"

बंद केलं. पाला टाकला तरी शेळी बसंना. अजून उभीच हाय.

आत्ता आई शेजारी येऊन बसली. हळूच म्हणली, "लाव परत. पण तिला ऐकू जाऊ देऊ नको."