समुद्राकडच्या कोपऱ्यातले बारा बोल्ट

प्रिय सूनबाई,

आधी एवढंच वाच: तुझ्या सासूबाई सुखरूप आहेत. वादळाची बातमी तू ऐकली असणारच, आणि ऐकल्याबरोबर तुझ्या डोक्यात पहिला विचार हिच्या ऑक्सिजनच्या मशीनचा आला असणार, हे मी पैजेवर सांगतो. मशीन क्षणभरही बंद पडलं नाही. आता घाई न करता पुढचं वाच. मला सगळं क्रमाने सांगायचंय, आणि मधली पानं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी खोड मला चांगली माहीत आहे. सूनबाई म्हटलं म्हणून रागावू नकोस. तीन वर्षांपूर्वी कागदोपत्री तू या घराची कुणी राहिली नाहीस, हे मला पाठ आहे. पण दुसरी हाक जिभेवर येतच नाही, त्याला मी काय करू?

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हे मशीन घरी दिलं, तेव्हा छपरावर सोलर पॅनल बसवायचे हा हट्ट तुझाच. आपल्या गल्लीत गेलेली वीज कधी परत येईल याचा नेम नाही, आणि ते हिच्या फुप्फुसांना कोण समजावणार, असं तू म्हणालीस. पॅनलला माझी ना नव्हती. माझं बिनसलं ते बोल्टवरून. छापखान्यात चाळीस वर्षं मशीनं खोलून बांधलेल्या माणसाला कुणी बोल्ट शिकवू नयेत, असा माझा बाणा. बिस्किटांच्या तीन डब्यांत माझी सगळी कमाई, एकेक बोल्ट तेल लावून जपलेला. आणि तू, बोल्टांवर खारं पाणी फवारून ते कधी गंजतात हे बघत बसण्याचा पगार घेणारी, मला सांगणार की बाबा, हे इथे चालायचे नाहीत! तू माझा एक आणि तुझा एक बोल्ट मिठाच्या पाण्यात घालून बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीस. मी येता-जाता विचारायचो, मुरले का, वाढायला घ्यायचे का? दोन आठवड्यांत माझ्या बोल्टने पाणी तपकिरी करून टाकलं. तुझा जसाच्या तसा. मी म्हटलं, बरणीच खराब होती.

साधं स्टेनलेससुद्धा तुला पसंत पडेना. खाऱ्या वाऱ्याला पुरून उरेल असं, त्यातलंही वरच्या प्रतीचं हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला दुसरा धातू थेट टेकता कामा नये, ओलाव्यात एक दुसऱ्याला खातो, म्हणून मध्ये रबरी वायसर. नट चढवण्याआधी बोल्टच्या आट्यांना ग्रीस, नाहीतर स्टेनलेस स्टेनलेसला असं धरून बसतं की कापूनच काढावं लागतं. समुद्राकडच्या कोपऱ्यात जास्त क्लॅम्प, कारण वारा उचलतो तो कोपऱ्यातून. ठरलेला जोर लागला की टक् करणारा पाना. आणि कहर म्हणजे, नट आवळून झाला की नट आणि बोल्ट दोघांवरून तू लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायचीस. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल, म्हणे. मी खालून ओरडायचो, अगं, बोल्ट बसवतेयस की नटवतेयस? तू वरून हसायचीस.

आता जे सांगतोय ते मी इतकी वर्षं पोटात ठेवलंय. पॅनल बसले त्याच आठवड्यात, तू कामावर गेली असताना, मी वर चढलो आणि समुद्राकडच्या कोपऱ्यातले तुझे बारा बोल्ट काढून माझे घातले. तुझे माझ्या डब्याच्या तळाशी लपवले. तुझ्या कपाटातली बाटली ढापून रेघासुद्धा ओढल्या. साठी उलटलेला सासरा सुनेची नेलपॉलिश चोरतोय, विचार कर! का केलं? तुझ्या कामावर अविश्वास नव्हता. या घराची प्रत्येक कडी, प्रत्येक बिजागरी माझ्या हातची आहे. आणि हिचा श्वास ज्याच्यावर चालणार, त्यात माझं काहीच नसावं? तेच मला खुपत होतं. इतकं साधं आणि इतकं मूर्खपणाचं.

पुढे खिडकीतली बरणी दिसली की मी नजर दुसरीकडे वळवायचो. माझे बोल्ट आयुष्यभर बंद खोलीत, तेलात राहिलेले. त्यांनी खारं वारं कधी पाहिलंच नव्हतं. पण कबूल कोण करणार? तू दर वर्षी वर जाऊन रेघा तपासायचीस आणि सगळं ठीक आहे बाबा म्हणायचीस. मला वाटायचं, सुटलो, तुला काही कळलं नाही. तू गेल्यावर मी गुडघ्याचं निमित्त सांगून वर जाणंच सोडलं. आणि एवढं असून, गल्लीत कुणी विचारलं की हे पॅनल कुणी बसवले, तर मी खुशाल सांगायचो, मीच.

वादळ आलं ते भरदुपारी. वीज लगेच गेली, ती चार दिवस आली नाही. झाडं पडून दोन्ही रस्ते बंद. घरात ऑक्सिजनचा एकच सिलिंडर, तो फार तर संध्याकाळपर्यंत पुरला असता. मशीन छपरावरच्या विजेवर आणि तिनेच भरलेल्या बॅटरीवर चालू होतं, मी हिच्या पलंगापाशी बसलो होतो, आणि बाहेर समोरच्या शिंप्याच्या छपरावरचं एक पॅनल उडून रस्त्यावर आपटलेलं आम्ही दोघांनी पाहिलं. मग दुसरं. आमच्या छपराचा तो कोपरा घुमायला लागला. माझ्या कानांत दुसरं काही शिरत नव्हतं. मनातल्या मनात मी बारा बोल्ट मोजत होतो, संपले की पुन्हा पहिल्यापासून. हिने विचारलं, इतका गारवा असून तुम्हाला घाम कसला? मी म्हटलं, म्हातारपण. खरं सांगू का, त्या तीन तासांत मला कळून चुकलं होतं की हिला काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल, आणि ते सांगायलाही मला तोंड उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा-बिडघा विसरून मी शिडी चढलो. सगळे पॅनल जागच्या जागी. कोपऱ्यात गेलो, खाली बसलो, हाताने पालापाचोळा बाजूला केला. तिथे माझा एकही बोल्ट नव्हता. बाराच्या बारा तुझे, स्वच्छ, आणि प्रत्येकावर तुझी ती केसासारखी बारीक रेघ. एकही तुटलेली नाही. माझ्या रेघा ओघळ आल्यासारख्या जाड होत्या, तू एका नजरेत ओळखल्या असशील. मी तिथेच बसून रडलो, अगदी मोठ्याने. शेजारच्या नर्सबाईंनी खालून हाक मारून विचारलं की काही लागलं का.

खाली येऊन हिला सगळं कबूल केलं, तर ही हसायलाच लागली. इतकी हसली की नाकातली नळी निसटली. तुला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं म्हणे. मी न्हाव्याकडे गेलो ती वेळ साधून तू वर चढलीस, आणि ही मागच्या दारात स्टूल टाकून, मशीनची नळी ताणून, शिडीचा पाय धरून बसली. पाऊण तास! बोल्ट बदलून उतरल्यावर तू हिला म्हणालीस, बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो डबा तळापर्यंत उपसला. माझे अकरा बोल्ट तळाशी फडक्यात बांधलेले, तेल लावून. बारावा कुठे म्हणून पुन्हा वर गेलो, तर वायरीच्या पाइपाला धरणाऱ्या पट्टीत सापडला. जिथे भार असा काहीच नाही. त्यावरही तुझी लाल रेघ होती. हात लावला तर डोकं गळून तळहातावर आलं, आत नुसता भुगा. बाबांचा एक तरी राहू दे, असंही तू म्हणाली होतीस, हे हिने नंतर सांगितलं.

त्याच दिवशी शिंपी, नर्सबाई आणि कोपऱ्यावरचे मास्तर छप्पर बघायला आले. मास्तरांनी विचारलं, तुम्हीच बसवले ना? मी म्हटलं, नाही हो, माझ्या सुनेने. शिंपी चाचरत म्हणाला, म्हणजे पूर्वीच्या. मी म्हटलं, पूर्वीची ती माझ्या मुलाची बायको. सून माझी आहे. फ्रिजवर तुझ्या अक्षरातली पॅनलच्या सामानाची यादी अजून चिकटलेली आहे, ती त्यांना उतरवून घ्यायला दिली. हे सगळं मला तीन वर्षांपूर्वी म्हणता आलं असतं. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. चूक माझ्या मुलाची होती, मला दिसत होती, आणि तरी मी खुर्चीतून उठलो नाही. त्याची माफी मागतो, पोरी.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा मी चिडून हिला विचारलं, तुम्ही दोघींनी आणखी काय काय लपवलंय माझ्यापासून? हिने उशीखालून तुझं पत्र काढून हातात दिलं. महिनाभर ते तिथे होतं. मला वाटायचं, डॉक्टरांचा कागद असेल. तुझं लग्न ठरलंय. नव्या घराच्या छपरावर पॅनल बसवणार आहेस. आणि शेवटी पुन्हा तीच ओळ, बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. अगं वेडे, मला जपणं आता पुरे कर. मला आनंद झालाय, हिला विचार, दोन दिवस गुणगुणतोय. हिला प्रवास झेपायचा नाही, ती फोनवरून बघेल, नर्सबाई तिच्यापाशी थांबणार आहेत. मी येतोय. तुझ्या बाजूने उभं राहायला माणूस हवं, आणि या वेळी मी खुर्चीत बसणार नाही. लग्नानंतर दोन दिवस जास्त राहीन. डबे घरीच ठेवून येतो. बोल्ट तू निवड, वर तू चढ, रेघा तू ओढ. मी खाली शिडी धरून उभा राहतो.

तुझाच,
बाबा